मेलं की उठव

बाबांच्या खाटेशेजारच्या संगणकात काही बदल कर, असं कोणी म्हटलं नव्हतं. पण मला स्वस्थ बसवत नाही. जुनं लिनक्स काढून मी दुसरं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचाच दुसरा अवतार, टाकलं, तेही केवळ त्याच्या इनिटसाठी. इनिट म्हणजे संगणकात सगळ्यांच्या आधी जागा होणारा आणि बाकीच्यांना उठवणारा प्रोग्राम. थोडक्यात, आई. जुन्या इनिटमध्ये एखादं काम चार-पाचदा बंद पडलं की तो हात टेकायचा. नवा टेकत नाही. मेलं की उठवतो.

काम एकच होतं. माइकवरून बाबांचा श्वास ऐकायचा आणि तो थांबला की स्वयंपाकघरात घंटी वाजवायची. मी चाचणी घेत होतो तेव्हा बाबांनी उशीवरून विचारलं, "झालं का तुझं?"

"झालं."

"म्हणजे मी मरायला मोकळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटी वाजली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, बाबांचे डोळे मिटले, आईला दोन बरे शब्द सांगितले. ते दारात बूट घालत होते तेवढ्यात आतून आवाज आला, "झालं का तुझं?"

डॉक्टर एकाच बुटावर परत आले. नाडी होती.

"होतं असं कधीकधी," ते मोज्याकडे बघत म्हणाले.

संध्याकाळी बाबा परत गेले, परत आले. मग जेवणाआधी. मग जेवणानंतर. दर वेळी तेच वाक्य, त्याच सुरात. त्याआधीचा पहिला श्वास मात्र गंजलेल्या पंपातून पाणी ओढावं तसा यायचा, आणि तो घेताना बाबा गादीत नखं रोवायचे. नखं गेली तेव्हा बोटं.

शववाहिकेचा ड्रायव्हर दोनदा रिकामा गेला. "दादा, नक्की ठरलं की फोन करा," म्हणाला.

शेवटी मी म्हटलं, "आई, मी ते मशीन बंद करतो."

"पहिल्याच दिवशी प्लग काढलाय मी. मिक्सरला हवा होता."

मी हात लावून पाहिला. संगणक थंडगार होता.

बाबांच्या दोन्ही गालांवर बोटांचे वळ होते. आईने उशी छातीशी धरली होती.

"किती वेळा?" मी विचारलं.

"बाहेर जा. दार लावून घे."

मी दार लावलं. खाट करकरली. मग बराच वेळ काहीच नाही.

स्वयंपाकघरात घंटी वाजली.

"झालं का तुझं?" बाबा विचारत होते.