पळसाच्या पानांचा प्रफुल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मीही अशा गोष्टींना हसायचो. पण ही माझ्या डोळ्यांदेखत घडली... गेल्या वैशाखात, पोंभुर्ण्याजवळच्या मावशीच्या गावी, भर दुपारी बारा वाजता.

प्रफुल माझा मावसभाऊ. सत्तावीस वर्षांचा, नौदलात हेलिकॉप्टरचा वैमानिक. लढाईत जळत्या जहाजावरून त्याने सात जणांना काढलं. आठव्यासाठी पुन्हा गेला...

आलाच नाही.

समुद्रात काही सापडलं नाही. पदक घरी आलं, पण रुखमामावशीने डबा उघडलासुद्धा नाही. वर्षभर ती रोज त्याचं ताट वाढायची. "देह दाखवा, मंग मानीन," एवढंच म्हणायची.

देह मिळाला नाही की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्यासाठी मावशीला मीच राजी केलं. ते ताट मला बघवत नव्हतं.

श्रीहरी मावसाजींनी स्वतःच्या हाताने पुतळा बांधला. पानं कडकडीत वाळलेली. नदी आटलेली. वर पंचेचाळीस अंशांचं ऊन. आमच्या बायका मसणात जात नाहीत, पण मावशी आली. तिला कोणी अडवलं नाही.

मावसाजींनी कापूर पेटवून पुतळ्याला लावला.

विझला.

पुन्हा लावला. पुन्हा विझला. वारा तर अजिबात नव्हता.

आणि मग ऐकू आलं... टप... टप...

पानांतून पाणी गळत होतं.

कोणी पाणी टाकलं की काय म्हणून मी विधीसाठी आणलेली घागर पाहिली. ती काठोकाठ भरलेली, होती तिथेच होती.

मावशी पुढे झाली. गळत्या पानाखाली बोट धरलं... आणि जिभेला लावलं.

"खारं हाय," ती म्हणाली.

तिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही.

ती रडली नाही. पदराने पुतळा पुसू लागली. आधी डोकं, मग छाती, मग पाय. न्हाऊन आलेल्या लेकराला पुसावं तसं. "किती भिजला रे बाबू... थंडी वाजून राह्यली असन तुले."

आम्ही सगळे खाली मान घालून उभे होतो. 

मग ती बाजूला झाली. "द्या आता," मावसाजींना म्हणाली.

एका काडीत पेटला.

त्या दिवसापासून ताट बंद झालं. मला हेच तर हवं होतं.

पण परवा तिला भेटून मी बल्लारपूरला परत निघालो, तेव्हा तिने माझा हात धरला. आवाज अगदी साधा होता.

"गोपाल... एवढ्या दुरून घरी आला होता रे तो. अन् आपण त्याले जाळलं."