स्वतःला नकली म्हणवणारी गाडी

"काका, तुमची गाडी नकली आहे ना?"

मार्नीने विचारलं आणि मागे तिच्या मैत्रिणी जोसी आणि टामिका एकमेकींना चिमटे काढत खाली बसल्या. पैज त्यांनीच लावली होती. पॉन्टियाक शहरात, शुक्रवारच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, हा प्रश्न म्हणजे भर मांडवात नवरदेवाला विचारणं की डोक्यावर टोप आहे का.

गारलंड स्ट्रूप मात्र चिडला नाही. कोनी डॉगचा, म्हणजे सॉसेज भरलेल्या पावाचा, घास गिळून त्याने हात पँटला पुसले.

"शंभर टक्के नकली. लपवतोय कोण? ये, दाखवतो."

गाडी लालभडक होती. दिसायला १९६८ची जीटीओ, इथल्याच कारखान्यात बनलेली, या शहराचा जीव की प्राण. पण तिची एक साधी बहीण होती, लेमान्स. साचा तोच. लोक लेमान्सला जीटीओचं रबरी नाक बसवायचे, बिल्ले लावायचे आणि मिरवायचे. म्हणून इथे कुणीही आधी गाडीचे आकडे बघायचं.

"काचेतून बघ, डॅशबोर्डवर पट्टी आहे. पहिले तीन आकडे वाच."

"दोन, तीन, सात."

"म्हणजे लेमान्स. जीटीओ असती तर दोन, चार, दोन असतं. तुझ्या आजोबांच्या गाडीवर होतं ना, तसं." गारलंडने छताला थाप मारली. "पण गाडी दणकट. खालचा तळसुद्धा कारखान्यातला, एक जोड नाही."

आजोबांचं नाव निघालं आणि मार्नीचे कान तापले. आजोबांची हिरवी जीटीओ दोन वर्षांपूर्वी घरच्या गॅरेजमधून चोरीला गेली. कुलूप तुटलं नव्हतं. गारलंडकाकांनी पोलिसांना सांगितलं की वेस कुणाला तरी गाडी दाखवत होता. वेस म्हणजे मार्नीचा दादा. बाबांनी त्याला जेवणाच्या टेबलावर चोर म्हटलं. तो ताट तसंच ठेवून उठला आणि टोलिडोला निघून गेला. तेव्हापासून घरात त्याचं नावही काढायचं नाही.

राग गिळत ती पट्टीकडे बघत राहिली. दोन्ही टोकांना ती पक्की करणारे रिव्हेट होते. गोल, गुळगुळीत, शर्टाच्या बटणासारखे.

ती शेजारच्या गाडीपाशी गेली. त्याच सालची. तिच्या पट्टीवरचे रिव्हेट फुलासारखे, सहा पाकळ्यांचे. त्यापुढची गाडी, पुन्हा फूल. तिने अख्खी रांग पालथी घातली.

"काय झालं गं, हरलीस की जिंकलीस?" जोसीने विचारलं.

"गप्प बस जरा."

ती परत आली. एव्हाना तिचे बाबा रॉय तिथे येऊन गारलंडच्या खांद्यावर हात टाकून उभे होते.

"काका, तुम्ही पट्टी का काढली होती?"

गारलंडचं हसू जागच्या जागी थांबलं. "कोण म्हणतं काढली?"

"रिव्हेट बाजारातले आहेत. कारखान्यातले असे नसतात."

"मार्नी, पुरे," बाबा म्हणाले. "मित्र आहे तो माझा. या गाडीचं नाक बसवायला मी स्वतः हात लावलाय."

"माहितेय मला. म्हणून तर विचारतेय."

मग ती सरळ रस्त्याच्या कोपऱ्यावर गेली. शेरीफच्या कचेरीतली रेनाटा कोवाल तिथे वाहतूक सांभाळत होती. रेनाटाने ऐकून घेतलं, शिट्टी खिशात टाकली आणि चालत आली.

"पट्टी कुणी काढली, गारलंड?"

"मीच. डॅशबोर्ड गंजला होता. बदलला."

"ही लेमान्स आणलीस तेव्हा कशी होती?"

"रॉयला विचार. माझ्या दारात उतरवली तेव्हा तो होता."

"गंजून चाळणी झाली होती," बाबा म्हणाले. "तळातून पाय आरपार जायचा."

"मग आता तळ कारखान्यातला कसा?" मार्नीने विचारलं. "एक जोड नाही म्हणालात ना, काका?"

बाबांचा हात गारलंडच्या खांद्यावरून खाली आला.

रेनाटाने गाडी जप्त केली.

सोमवारी शेरीफच्या गॅरेजमध्ये, गारलंड, बाबा आणि मार्नी यांच्यासमोर, मेकॅनिकने हीटरचं खोकं उतरवलं. मागच्या पत्र्यावर कारखान्यात ठोकलेला क्रमांक होता. तिथे हात घालायचा तर अर्धी गाडी उघडावी लागते, म्हणून चोर सहसा तिकडे बघतच नाहीत. रेनाटाने टॉर्च धरला. बाबा वाकले आणि आजोबांच्या जीटीओचे शेवटचे सहा आकडे त्यांनी न बघताच म्हटले, "एक एक आठ शून्य सहा दोन."

पत्र्यावर तेच होते.

"आता सांग," रेनाटा मार्नीला म्हणाली. "तुला कशावरून कळलं?"

"नकली गाडी करणारा सगळं बदलतो, पण त्याच्या लेमान्सची पट्टी लेमान्सचीच असते. तिला हात लावायचं कारणच नाही. इथे पट्टी हलवलेली. म्हणजे ती दुसऱ्या गाडीवरून आली. जीटीओवर लेमान्सची पट्टी कोण लावेल? ज्याला ती जीटीओ दाखवायचीच नाही तो." तिचा आवाज चढला. "आपण सगळे एकच बघतो, साधी गाडी भारी म्हणून खपवली का. याने भारी गाडी साधी म्हणून खपवली. स्वतःच नकली म्हणाला, मग तपासणार कोण? गंजकी लेमान्स सगळ्यांना दाखवली, भंगारात घातली, तिची पट्टी आजोबांच्या गाडीवर ठोकली. रंग बदलला, इंजिन बदललं, नाक उतरवून बाबांच्याच हातांनी परत बसवून घेतलं. आजोबा आणि बाबा सोडले तर आपल्या गॅरेजची किल्ली दोघांकडेच होती, वेसकडे आणि याच्याकडे."

गारलंड बाबांकडे बघत होता. "रॉय, म्हातारा विकत नव्हता. तुम्ही चालवत नव्हता. नुसती कुजत होती."

"आणि वेसचं नाव का घेतलंस?" मार्नीने विचारलं. "आमच्याच टेबलावर बसून, आईच्या हातचं खाऊन?"

"कुणाचं तरी घ्यावंच लागलं असतं."

बाबा पुढे झाले. रेनाटा मध्ये आली आणि गारलंडला घेऊन गेली.

घरी स्वयंपाकघरात आईने कॉफी ओतली. ती कुणीच प्यायलं नाही.

"बरं झालं, सुटला एकदाचा प्रश्न," बाबा म्हणाले. "रविवारी करू वेसला फोन. शांतपणे."

"त्यालाही सावरायला वेळ लागेल," आई म्हणाली. "एकदम नको."

मार्नी उभी राहिली.

"दोन वर्षं दिली की वेळ. फोन कुणी करायचा नाही. उद्या सकाळच्या बसने मी टोलिडोला जातेय. शाळा बुडेल, बुडू दे. तुम्हाला यायचं असेल तर या, बाबा. पण त्याला घरी आणायला नाही. त्याच्या दारात उभं राहून माफी मागायला. नाही जमलं, तर मी पण तिकडेच राहणार."