बाप जिता असताना

दारात उभ्या त्रिंबकला पाहून सावित्रीबाईच्या हातातला तांब्या गळून पडला... त्याच्या ओठावर मिशी नव्हती! बाप गेल्यावरच मुलाने मिशी उतरवायची, आणि त्याचे वडील, तिचे सासरे अर्जुनराव तर सोप्यावर सुपारी कातरत बसले होते!

त्या साली मानमोडीच्या तापाने दिंद्रुडात रोज कुठल्या ना कुठल्या घरातून रडणे उठत होते. नवरा प्लेगात गेल्यावर तिने पोटच्या पोरासारखा वाढवलेला हा धाकटा दीर हैदराबादेत डाक्टरीच्या शेवटच्या वर्गात होता. परीक्षा राहिली बाजूला. त्या पोरांना घाईघाईने तयार करून सरकार थेट दवाखान्यांत धाडत होते. उद्या त्याला अंबाजोगाईला हजर व्हायचे होते.

"कोण मेलं रं?" अर्जुनराव गरजले. "मी जिता हाय न्हवं?"

सावित्रीबाई झटकन मधे आली. बापाचा शाप घेऊन हे लेकरू त्या मरणाच्या दारी जाणार...

"मामंजी, म्याच सांगितलं त्यांला. माजा नवस होता."

"तूच! थोरला खाल्लास, आता धाकटा बी?"

हे शब्द तिने आजवर किती वेळा गिळले होते!

"न्हाई आबा!" त्रिंबक ओरडला. "वहिनी माज्यापायी खोटं बोलत्यात. दवाखान्यात तोंडाला फडकं बांधाया शिकवलं आमाला. मिशीवर ते घट्ट बसत न्हाई. माज्या जोडीदारानं मिशी ठिवली, बाप रागावंल म्हणून... त्याला खांदा द्याया आमीच होतो."

सोप्यावरचा अडकित्ता थांबला. "भ्या वाटतंय का रं?"

"लई, आबा..."

अर्जुनराव अडकित्ता खाली ठेवून सुनेकडे वळले. मग म्हणाले, "सटवा न्हाव्याला बलीव, सुनबाई."

सटवा धोपटी घेऊन आला नि ऐकून हबकलाच. "मालक, तुमची मिशी? आन् कशापायी? गाव हसंल!"

"हसाया गाव उरलं तर बरंच हाय. बापानंच उतरवली म्हणल्यावर पोराला कोण नावं ठिवतंय? आन् गाडी मीच हाकणार हाय अंबाजोगाईपतूर. चालीव वस्तरा!"

मिशी गेली नि तो दरारा असलेला चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला. फडके पुढे करीत ते तिच्यासमोर बसले.

"बांध, पोरी... आन् तुला आजवर बोललो त्ये..."

पुढचे शब्द फडक्याआडच राहिले. वर उघडे राहिलेले डोळे मात्र घळाघळा वाहत होते. सावित्रीबाईने गाठ ओढून पाहिली... पुन्हा ओढून पाहिली... मिशी नसलेल्या ओठांवर फडके घट्ट बसले होते!