तीन घरांचा धूर

नवरा, निरंजन, कामावर निघाला की दार मागे आपोआप बंद व्हायचं आणि ऋजुता आत राहायची. दाराचं नाव ‘राखण’. चोरांच्या भीतीने सांगलीच्या त्या इमारतीत घरोघर ते बसवलं होतं. ते फक्त घरच्या ‘प्रमुखा’चा चेहरा ओळखायचं, आणि प्रमुख कोण हे वेगळं सांगायला नको. ऋजुताने कंपनीला फोन केला तेव्हा तिथल्या बाईने, प्रमुखांनाच विचारा, असं अगदी गोड आवाजात सुचवलं होतं.

आग लागली तर दार उघडायचं, म्हणून एकदा तिने मुद्दाम भाजी करपवली. पण राखण हे शिकणारं यंत्र होतं. चुलीचा धूर त्याला पाठ झाला होता. दार उघडलं नाहीच, वर निरंजनच्या फोनवर निरोप गेला. त्या संध्याकाळी त्याने पिरगळलेला हात अजून नीट वळत नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या मालतीकाकूंना त्यांचा मुलगाच कोंडून ठेवायचा. स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडायच्या. तिथून काकूंनी अशा कोंडलेल्या सगळ्या बायकांना युक्ती सांगितली. तीन घरांत एकदम दाट धूर झाला, तर राखण इमारतीलाच आग लागली असं धरतं आणि फाटकासकट सगळी दारं उघडतं. उन्हाळी मसाल्याचे दिवस होते, मिरच्या आणल्याचा कुणाला संशय येणार नव्हता.

मंगळवारी भरदुपारी सात घरांत मिरच्या कढईत पडल्या. ठसक्याने ऋजुताचा जीव घाबरा झाला. मग खट् आवाज झाला आणि दार उघडलं. ती धावतच सुटली.

खाली काकूंचं दार सताड उघडं होतं. काकू मात्र नाकाला पदर लावून कढईपाशीच उभ्या होत्या.

“काकू, चला लवकर.”

“तीन घरांत धूर हाय तोवरच फाटक उघडं ऱ्हातंय. पलीकडची वत्सला थांबलीया, मी हाय. तुझा गॅस चालूच ठेवलायस न्हवं?”

कुणीतरी मागे थांबावं लागेल, हे त्या आधी बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर कुणी निघालीच नसती.

घराबाहेर पडताना गॅस बंद करायचा, ही बायकांची जन्माची सवय. ऋजुताने केला होता. इतर चौघींनीही केलाच असणार. वरच्या मजल्यांवरून त्या पोरांना कडेवर घेऊन खोकत उतरत होत्या, आणि जिन्यातला धूर विरळ होत चालला होता. निरंजनला निरोप पोचला असणार. फाटक समोर दिसत होतं. आजवर प्रत्येक पाऊल दुसऱ्याला विचारून टाकलेल्या बाईने, गॅस पेटवायला वर जायचं की बाहेर, हे आता कुणाला विचारायचं?