दोनशे चौदावा माणूस

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चार मजल्यांचं, दोनशे चौदा माणसांचं, डोक्यावर पोहण्याचा तलाव घेऊन फिरणारं एक जहाज एका बारा वर्षांच्या मुलीने भर दुपारी मागे फिरवलं. सुकाणूला हातसुद्धा न लावता! ज्याला पटत नसेल त्याने इथेच पुस्तक मिटावं. मात्र पुढे काय झालं म्हणून मग दुसऱ्याला विचारत बसायचं नाही.

मुलीचं शाळेतलं नाव बरंच भारदस्त होतं, पण घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. जेवताना तिचा पाय हलायचा, झोपेत अंगठा हलायचा, आणि दात घासायला सुरुवात केली की ती घरभर चक्कर मारून मगच चूळ भरायची. अशा मुलीला पाच दिवस जहाजावर न्यायचं, ही कल्पना आत्याची.

"काय ते डोंगर, काय ते पाणी!" आत्या म्हणाली होती. "आरामखुर्चीत बसायचं आणि नुसतं बघायचं!"

नुसतं बसायचं! भिंगरीचे पाय तेव्हाच वळवळायला लागले होते.

एकूण सात जण निघाले. आजोबा, आत्या, बाबा, भिंगरी आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ लिंबू. त्याचं तोंड कायम आंबट असायचं. शिवाय काका आणि काकांचा मुलगा पोथी. पोथी तेरा वर्षांचा होता आणि दिसेल ते वाचायचा, अगदी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी जहाज दीपगृहाच्या बेटावर थांबलं. बेटावर वस्ती नव्हती. जुनं दीपगृह, त्याच्या सावलीत एक लाकडी बाकडं, गवत आणि वारा, एवढंच. प्रवाशांनी तासभर फोटो काढले, सव्वादोनला भोंगा वाजला आणि जहाज निघालं. भिंगरी लगेच वरच्या डेकवर फेऱ्या मारायला लागली. पायाखाली इंजिनाची थरथर सारखी चालू होती, आणि ती थरथर थेट तिच्या पोटऱ्यांत चढत होती.

"अगं, दोन मिनिटं एका जागी टेक की!" बाबा पुस्तकाआडून ओरडले. "तुझ्याकडे बघून मला बोट लागायला लागलीय!"

"बाबा, ही कितवी फेरी, सांगा!"

"शंभरावी!"

"छे! अठरावी! शंभरावी झाली असती तर मी शांत झाले नसते का?"

एकोणिसाव्या फेरीला मात्र भिंगरी मध्येच थांबली. आपण होऊन! लिंबूने ते पाहिलं आणि हातातली पाण्याची बाटली घट्ट धरली. ताई थांबली म्हणजे काहीतरी नक्की बिघडलंय, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

"लिंबू, आजोबांची खुर्ची बघ."

"रिकामी आहे. मग?"

"सव्वादोनपासून रिकामी आहे! रोज जहाज सुटलं की दहा मिनिटांत आजोबा तीन-चार माणसं पकडून गोष्टी सांगत बसतात. आज कुणीच पकडलं गेलेलं नाही. बघ, सगळे कसे निवांत आहेत!"

खरंच होतं ते. कालचा टक्कलवाला प्रवासी, ज्याला आजोबांनी दीड तास सोडलं नव्हतं, तो आज चक्क पाय पसरून डुलक्या घेत होता.

भिंगरी पळाली, मागोमाग लिंबू. आत्या कठड्याशी डोंगराचे फोटो काढत होती. "आजोबा ना? तुझ्या काकांबरोबर असतील."

काका खालच्या मजल्यावर बुद्धिबळ खेळत होते. "आजोबा? खोलीत झोपलेत. दारावर पाटी आहे, मी स्वतः पाहिली. आता हलव बघू तुझी सावली, माझा वजीर दिसत नाहीये."

आजोबांच्या खोलीच्या दारावर खरोखरच पाटी लटकत होती: 'झोपमोड करू नये'. पोथी तिथेच भिंतीवर चिकटवलेला कागद वाचत उभा होता.

"आजोबा आत आहेत का रे?"

"मी अर्ध्या तासापासून इथेच आहे," पोथी म्हणाला. "आतून आवाज नाही."

"घोरण्याचासुद्धा?"

पोथीने चष्मा वर सरकवला. आजोबांचं घोरणं शेजारच्या चार खोल्यांना झोपू देत नसे. तिघांनी दाराला कान लावले. आत चिडीचूप!

कोपऱ्यावरून खोल्या आवरणारे दादा गाडी ढकलत आले. "दादा, हे दार उघडता का?" भिंगरीने विचारलं.

"पाटी असली की नाही उघडता येत, ताई. नियम म्हणजे नियम."

"आणि आत आग लागली तर?"

"आग लागली, पाणी साचलं, तर लगेच उघडायचं. तोही नियमच आहे."

दादा गाडी ढकलत पुढे गेले, आणि भिंगरीने लिंबूच्या बाटलीकडे पाहिलं. लिंबूने बाटली पाठीमागे लपवली. "माझं आहे ते! थंड आहे!"

"आजोबा मोठे की पाणी मोठं?"

"अर्धंच घे हं," लिंबू रडवेल्या सुरात म्हणाला.

तिने सगळंच दाराखालच्या फटीत ओतलं. दादा गाडी वळवून परत आले, तर दाराखालून पाण्याचा छानसा ओघळ बाहेर आलेला! "अरे बाप रे, नळ फुटला!" म्हणत त्यांनी चावी फिरवली.

आत आजोबा नव्हते. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. खिडकीपासून कपाटापर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर आत्याचे सहा ड्रेस, दोन टॉवेल आणि काकांचे मोजे वाळत होते.

"खोलीत कपडे वाळवायला मनाई आहे," पोथी म्हणाला. "नियम क्रमांक नऊ."

"म्हणून पाटी!" भिंगरीने कपाळावर हात मारला. "कुणी आत येऊन दोरी बघू नये म्हणून पाटी आत्याने लावली! पोथी, आजोबा झोपायला आलेच नाहीत!"

दादा दोरीकडे बघत होते, पण ओरडायला समोर कुणी उरलं नव्हतं. तिघं जिना चढून वर पोचलीसुद्धा.

"आत्या, आजोबा जहाजावर चढलेले तू पाहिलेस का? तुझ्या डोळ्यांनी?"

"म्हणजे काय! मीच तर सगळ्यांची कार्डं लावली." आत्याची मान ताठ झाली. "मागे ही एवढी रांग! मी म्हटलं, एकेकाने कशाला खोळंबा करायचा? सातही कार्डं पत्त्यांसारखी हातात धरली आणि टिंग, टिंग, टिंग! दहा सेकंदांत सात जण आत! दारावरचे साहेब मला काय म्हणाले माहितीय? 'ताई, तुमच्यासारखे प्रवासी हवेत!'"

"पण आजोबा कुठे होते?"

"ते म्हणाले, काकांबरोबर मागून येतो."

तोवर बाबांनी काकांना शोधून वर आणलं होतं. काकांचा चेहरा उतरला. "मला तर म्हणाले, ताईबरोबर पुढे जातो!"

आजोबांनी दोघांनाही वाटेला लावलं होतं. मग आत्याने पर्स उघडली. ती पर्स एवढी मोठी होती की सात जणांच्या सामानाला वेगळी बॅग लागली नसती. तिने आतून एक लहान डबी काढली. "त्यांची हृदयाची गोळी," ती पुटपुटली. "चार वाजताची. चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय."

घड्याळात तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"घाबरू नका!" बाबा घाबरून म्हणाले. "मशीनमध्ये नोंद आहे ना, मग ते जहाजावरच असणार. आपण तळापासून सुरू करू आणि एकेक मजला शोधत वर येऊ."

"त्याला तास लागेल!" भिंगरी ओरडली.

"मध्ये बोलू नकोस! आणि एका जागी उभी राहा!" असं म्हणून मोठी माणसं जिन्याने खाली गेलीसुद्धा.

पोथी पांढराफटक पडला होता. "भिंगरे, मघाशी मी भिंतीवरचा कागद वाचत होतो ना? चार वाजता जहाज अरुंद खिंडीत शिरणार आहे. दोन्ही बाजूंना कडे. तिथे जहाजाला वळता येत नाही. खिंड संपणार उद्या सकाळी."

म्हणजे पस्तीस मिनिटं! पस्तीस मिनिटांनी आजोबा त्या बेटावर एकटे, वाऱ्यात, गोळीशिवाय, उद्यापर्यंत!

भिंगरीचे पाय तिच्या आधीच धावायला लागले.

दारावरचे साहेब मिशीला पीळ देत मोबाइलवर कुठलासा सामना बघत होते. टाय काढून ठेवलेला, गळ्यातलं ओळखपत्र मशीनच्या कोपऱ्याला अडकवलेलं.

"साहेब, आमचे आजोबा बेटावर राहिलेत! जहाज थांबवा!"

साहेबांनी सावकाश पडद्याकडे बोट केलं. "वाच, बाळ. जहाजावर किती? दोनशे चौदा. हवेत किती? दोनशे चौदा. विषय संपला."

"पण आत्याने त्यांचं कार्ड लावलं! ते स्वतः आलेच नाहीत!"

"मशीन चुकत नाही. अकरा वर्षं बसतोय मी इथे. आजोबा कुठेतरी गप्पा मारत असतील. जा, आइस्क्रीम खा."

"मला नको," लिंबू म्हणाला. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्याने आइस्क्रीम नाकारलं, यावरून प्रसंग किती बाका होता ते ओळखावं!

साहेबांनी पुन्हा सामन्यात डोकं घातलं. भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. तिची नजर मशीनवर, मिशीवर, पडद्यावर आणि पुन्हा मशीनवर फिरली. आणि कोपऱ्याला अडकवलेल्या ओळखपत्रावर थांबली.

तिने हात लांब केला. टिंग!

पडद्यावर मिशीवाल्या साहेबांचा हसरा फोटो झळकला. खाली लाल अक्षरं: 'जहाजाबाहेर'. दोनशे चौदाचे दोनशे तेरा झाले. आणि लगेच डोक्यावरची घंटा असली कर्कश वाजायला लागली, की लिंबूने दोन्ही कान दाबले आणि पोथीने चष्मा काढला. चष्म्याचा आणि कानांचा काय संबंध, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

"काय केलंस हे, कार्टे!" साहेब उडालेच. "चालत्या जहाजातून माणूस बाहेर गेला की थेट वर घंटा वाजते!"

"वाजू दे की!"

मिनिटाभरात जिन्यावर धडधड पावलं वाजली. पांढऱ्या गणवेशातल्या कप्तानबाई धावत आल्या. "कोण बाहेर गेलं? पाण्यात कोण पडलं?"

"हे!" भिंगरीने साहेबांकडे बोट दाखवलं.

"हे तर इथेच उभे आहेत!"

"हो ना! पण मशीन म्हणतं, नाहीत. आणि आमचे आजोबा इथे नाहीत, पण मशीन म्हणतं, आहेत. बाई, त्याला कार्ड दिसतं, माणूस दिसत नाही. आत्याने दहा सेकंदांत सात कार्डं लावली. माणसं सहाच होती. आजोबा बेटावर आहेत, त्यांची चारची गोळी आत्याच्या पर्समध्ये आहे, आणि तुम्ही चारला खिंडीत शिरणार!"

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. कप्तानबाई हसल्या नाहीत. त्या साहेबांकडे वळल्या.

"कार्ड लावलं की पडद्यावर फोटो येतो. फोटो पाहायचा, समोरचा चेहरा पाहायचा, मगच आत सोडायचं. सात फोटो आले तेव्हा सात चेहरे पाहिलेत?"

मिशीचा पीळ आपोआप सुटला. "रांग फार होती, मॅडम... ताईंनी अगदी पटापट..."

"पाहिलेत की नाही?"

"नाही."

घड्याळात पावणेचार. समोर खिंडीचे काळे कडे दिसायला लागले होते. कप्तानबाईंनी भिंतीवरचा फोन उचलला आणि तीनच शब्द बोलल्या. "जहाज मागे फिरवा!"

ते चार मजले कलले, तेव्हा वरच्या डेकवर एकशे बारा कप घरंगळले, तलावातलं पाणी उडून टक्कलवाल्या प्रवाशाच्या डोक्यावर पडलं आणि काकांचा वजीर कायमचा समुद्रात गेला. कुणी म्हणेल, कप कुणी मोजले? पोथीने!

चार वाजून गेले तरी परतीची वाट भिंगरीला सरता सरेना. कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती येरझारा घालत होती. या वेळी कुणीही तिला बस म्हणालं नाही. उलट बाबा तिच्याबरोबर चालत होते. आत्या डबी मुठीत धरून मागून चालत होती आणि दर दोन पावलांना म्हणत होती, "माझंच चुकलं गं. पण रांग केवढी होती!"

बेट दिसताच लहान मोटारबोट पाण्यात सोडली. बाबा गोळी घेऊन एका खलाशाबरोबर गेले. लाटांवर दोन डोकी वरखाली होत लहान झाली आणि दगडी धक्क्याआड दिसेनाशी झाली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. भिंगरीने कठडा एवढा घट्ट धरला की रंगाचा पापुद्रा तिच्या तळव्याला चिकटला. पंधरा मिनिटं.

मग धक्क्याआडून बोट बाहेर आली. भिंगरीने मोजलं. एक. दोन.

तीन!

ती डेकवर फतकल मारून बसली आणि तब्बल चार मिनिटं हलली नाही. घरात आजवर असं घडलं नव्हतं.

आजोबा गोळी खाऊन ठणठणीत होते. जिना चढताना त्यांनी राजासारखा हात हलवला. संध्याकाळच्या जेवणाला कप्तानबाई मुद्दाम त्यांच्या टेबलाशी येऊन बसल्या. "माझं जहाज आजवर कुणाच्या सांगण्यावरून मागे फिरलं नव्हतं," त्यांनी भिंगरीचा हात हातात घेतला. "उद्यापासून दारावर आणखी एक माणूस असेल, नुसते चेहरे बघायला. आज तू शहाणपण केलंस म्हणून." मिशीवाले साहेब येऊन ओशाळं हसले आणि म्हणाले, "बाळ, तुझ्यामुळे मी माणसात आलो." आत्याने सातही कार्डं पर्समधून काढून ज्याची त्याला दिली. बाबा म्हणाले, "उद्या तू फेऱ्या मार, मी मोजतो."

या कौतुकात आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही, हे आजोबांना सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"तुम्ही आलात म्हणून ठीक, नाहीतर मी तुम्हांला गाठणारच होतो! जहाज निघालेलं दिसलं, तसा मी दीपगृहावर चढलो. तीनशे पायऱ्या, एका दमात! वरचा दिवा हाताने गरागरा फिरवला. शर्ट काढून झेंड्यासारखा फडकवला. एक गरुड आला, शर्ट पळवायला लागला, त्याच्याशी झटापट! असा तीन तास उभा होतो, डोळ्याला डोळा न लावता!"

शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. टक्कलवाला प्रवासी तर खुर्ची ओढून जवळ आला. बाबांना अचानक ठसका लागला आणि ते पाण्याच्या पेल्यात बघत बसले.

लिंबू खुर्चीवरून उतरला. टेबलाला वळसा घालून तो आजोबांच्या डाव्या बाजूला गेला, टाचा उंचावल्या आणि त्यांच्या गालाला नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं.

"थापा!" तो सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा ओरडला. "आजोबांच्या गालावर बाकड्याच्या पट्ट्या उमटल्यात! चार!"