गुदगुल्या करणारं मशीन

"चप्पल पळवायची! बस्स, ठरलं!" ताईने फर्मान काढलं.

"आणि पकडलो गेलो तर? मामा ओरडला तर? चप्पल लपवायची तरी कुठे?" तिच्या धाकट्या भावाने एका दमात विचारलं. घरात सगळे त्याला शंकासुर म्हणायचे, ते काही उगीच नाही!

"हळू बोल, पिटुकली ऐकेल!"

पिटुकली म्हणजे मामाची लेक. चौथीत गेली होती, पण उंची मात्र पहिलीतच राहिली होती. मामा सुतार, आणि त्याचं वर्कशॉप घराला लागूनच. दोघं भावंडं सुट्टीला आली तेव्हापासून पिटुकली एक स्टूल बनवत होती. लाकूड तिनेच घासून गुळगुळीत केलं होतं. आता भोकं पाडून स्क्रू बसवायचे, की झालं! आणि आज मामा तिच्या हातात पहिल्यांदाच ड्रिल मशीन देणार होता. सकाळपासून पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पण सकाळीच शंकासुराला एक गोष्ट खटकली होती. मामा दिवसभर अनवाणी काम करायचा. ड्रिल हातात घ्यायची वेळ आली, की मात्र खिळ्यावरची जाड रबरी चप्पल काढून आधी पायात घालायचा!

"असं का, मामा?" त्याने विचारलंच.

"अरे, तुझ्या आजोबांचं मशीन ना ते! जुनं, लोखंडी. जरा लाडात येतं आणि गुदगुल्या करतं, बाकी काही नाही!" मामा हसत म्हणाला.

मामा जेवायला गेल्यावर दोघांनी ड्रिलचा बाजूला काढून ठेवलेला प्लग पाहिला. दोनच पिना! तिसरी जाड पिन मुळापासून कापलेली.

"ही तर अर्थिंगची पिन!" शंकासुराचे डोळे विस्फारले. "ताई, या गुदगुल्या नाहीत! हा शॉक आहे!"

ते धावत मामाकडे गेले. पण मामाने हात झटकला. "आमच्या बोर्डाला दोनच भोकं होती, म्हणून मीच कापली. काही होत नाही रे! आणि दुरुस्तीला मी ते देणार नाही. बाबांच्या मशीनला परका हात लागलेला मला चालायचा नाही. पळा, खेळा जा!"

आजोबांचा विषय निघाला की मामाचा आवाज हळवा व्हायचा. मग पुढे बोलायचं कसं? म्हणूनच तर चप्पल पळवायची होती!

संध्याकाळी मामाने अंगणात लांब वायरचा बोर्ड ओढला. मामीने नुकतंच अंगण धुतलं होतं. पिटुकली ओल्या फरशीवर अनवाणी उड्या मारत होती.

"बाबा, चल ना लवकर!"

"आलो, आलो! अरे, माझी चप्पल कुठे गेली?" मामाने बाकाखाली पाहिलं, दारामागे पाहिलं. "कोणी घेतली? चप्पल मिळाल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही हं!"

"का रे मामा?" ताई हळूच म्हणाली. "गुदगुल्याच ना त्या? गुदगुल्यांसाठी कोणी चप्पल घालतं का?"

मामाची नजर पिटुकलीच्या ओल्या पावलांवर गेली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आधी बोर्ड बंद केला, प्लग उपसला आणि मशीन बगलेत मारून थेट दुरुस्तीवाल्या मावशींचं दुकान गाठलं. पोरं मागोमाग होतीच!

मावशींनी मशीन उघडलं. "आतली वायर सोलवटली आहे. वीज लोखंडात उतरते. पिन असती तर ती वीज जमिनीत गेली असती, आता तुमच्या अंगात येते. रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. ओल्यात, अनवाणी..." त्यांनी पिटुकलीकडे पाहिलं आणि वाक्य अर्धवट सोडलं. मग शंकासुराची पाठ थोपटून म्हणाल्या, "शाबास! शंका असाव्यात तर अशा!"

नवी वायर, तीन पिनांचा प्लग आणि तीन भोकांचा बोर्ड घेऊन वरात घरी आली.

"बाबा असते तर त्यांनी आधी माझा कान पिरगाळला असता, मग तुम्हा दोघांना खांद्यावर घेतलं असतं," मामा म्हणाला.

"कानाचं मी बघते!" मामी पदर खोचून पुढे आली. पोरं खो खो हसली.

वर्कशॉपच्या कोरड्या जमिनीवर स्टूल मांडलं. पिटुकलीने बूट घातले, केस घट्ट बांधले, डोळ्यांवर गॉगल चढवला. मामाने मागून तिच्या हातांवर हात ठेवले.

"बाबा, मशीन थरथरतंय!"

"अगं, अजून सुरू कुठे केलंय?"

पिटुकलीने वाकून पाहिलं. मशीन खरंच बंद होतं. थरथरत होते ते बाबाचे हात! मघाशी काय होता होता राहिलं, ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "घाबरू नकोस हं, बाबा. मी घट्ट धरलंय."