दोन पाण्यांची डाळ

डाळ काल शिजली होती. आज शिजली नव्हती. परवाही शिजली नव्हती, पण त्याच्या आदल्या दिवशी मात्र लोण्यासारखी मऊ झाली होती. तीच तूरडाळ, तोच कुकर, तितक्याच शिट्ट्या. मग बिघडत होतं कुठे?

मंदार वसाहतीच्या सामाईक स्वयंपाकघरात दुपारची पंगत बसली होती. बोधनकर आजोबांनी भातावरचा डाळीचा दाणा चिमटीत धरून उंच केला.

"हे वरण आहे की छर्रे? बल्लवा, अरे, माझी कवळी नवी आहे. तिची तरी दया कर!"

सगळे हसले. बल्लव खाली मान घालून उभा राहिला. तो स्वयंपाकी यंत्रमानव होता. त्या काळी शहरातल्या वसाहती एकत्र स्वयंपाक करू लागल्या होत्या आणि विराटाच्या मुदपाकखान्यात भीमाने घेतलेलं नाव या वसाहतीने त्याला हौसेने दिलं होतं. आता तीच माणसं त्याच्या नावाने बोटं मोडत होती.

"पुरे झालं," अध्यक्ष पडवळकाकू म्हणाल्या. "एक दिवस बरं, एक दिवस कच्चं. असल्या यंत्राचा भरवसा कोण धरणार? जेवणं उरकली की कंपनीची गाडी येतेय. हा जाईल, दुसरा येईल."

"आणि बल्लवचं काय होईल?" अकरा वर्षांच्या ऋजुताने विचारलं.

"स्मृती पुसतील आणि पाठवतील कुठेतरी. यंत्रच आहे ते, बाळा."

ऋजुताने हातातला घास परत ताटात ठेवला. मोहरीची तडतड संपत आली की मगच जिरं टाकायचं, हे बल्लवच्या आज्ञावलीत (यंत्राला आधीच शिकवून ठेवलेल्या सूचनांत) नव्हतं. ते तिने त्याला कढईशी कान लावायला सांगून शिकवलं होतं. तेही पुसणार?

ताटावरून उठून ती हात धुवायला गेली. साबण चोळला, पुन्हा चोळला. फेस होईना. तळहातावर नुसता पांढरट, चिकट साका जमला. काल याच साबणाने तिने फेसाच्या मिशा काढून आईला घाबरवलं होतं!

ती जागच्या जागी थबकली. काल फेस झाला आणि काल डाळ शिजली. आज फेस नाही आणि डाळही कच्ची.

ओल्या हातांनीच ती स्वयंपाकघरात धावली.

"बल्लव, आजचं पाणी कालच्यासारखंच आहे का रे?"

"पाणी शुद्ध आहे, ऋजुताताई. मी रोज तीन गोष्टी तपासतो. जंतू आहेत का? नाहीत. गढूळ आहे का? नाही. वास येतो का? नाही. शुद्धीकरण यंत्रावर हिरवा दिवाही आहे."

"पण ते येतं कुठून?"

"महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी ते नसतं, त्या दिवशी पंप आपोआप बोअरचं पाणी टाकीत घेतो."

"म्हणजे आज बोअरचं!" ऋजुताने कपाळावर हात मारला.

वसाहतीत पूर्वी घरोघरी दोन नळ असत. एक 'पिण्याचं', एक 'वापरायचं'. महापालिकेचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बोअरचं धुण्याभांड्यांना. गेल्या उन्हाळ्यात मोठं शुद्धीकरण यंत्र बसलं. सगळंच पाणी शुद्ध झालं, मग दोन नळांची कटकट हवीच कशाला, असं म्हणून वसाहतीने दुसरा नळ काढून टाकला. त्यासाठी पेढेसुद्धा वाटले होते!

"शुद्ध असून पाणी वेगळं कसं असेल?" ऋजुताने विचारलं.

बल्लवच्या कपाळावरचा निळा दिवा लुकलुकला. तो विचार करू लागला की असंच होई.

"ताई, तुम्ही चहा गाळता, तेव्हा काय अडतं?"

"चहाची पूड."

"आणि साखर?"

"ती कशी अडेल? ती तर विरघळलेली असते!"

"तसंच. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खडकांतून झिरपताना त्यांतले क्षार विरघळवून घेतं. त्यांत मुख्य दोन. एक कॅल्शियम (आपल्या हाडांत आणि चुन्यात असतं ते), दुसरा मॅग्नेशियम (त्याचाच भाऊबंद म्हणा). आपलं यंत्र गाळ अडवतं, जंतू मारतं. पण विरघळलेले क्षार साखरेसारखे निसटून जातात. असं पाणी म्हणजे दुष्फेन पाणी (ज्यात साबणाचा फेस मुश्किलीने होतो ते). साबणाची त्या क्षारांशीच जुंपते, त्याचा साका होतो आणि फेसाला साबण उरतच नाही."

"आणि डाळ?"

"डाळीच्या पेशींना पेक्टिन (डिंकासारखा चिकट पदार्थ) धरून ठेवतं. साध्या पाण्यात ते शिजताना सुटतं. कॅल्शियम मात्र त्याला आणखी घट्ट आवळतं. मग शिट्ट्या होतात, पण डाळ हटून बसते."

"अरे, मग तुला हे सगळं माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही, ताई. आणि हिरवा दिवा पाहून मीही पुढे विचार केला नाही."

ऋजुताने आईच्या माठाकडे धाव घेतली. माठ काल भरलेला होता, म्हणजे महापालिकेच्या पाण्याने. कळशीभर पाणी घेऊन ती परतली, तोवर फाटकाशी कंपनीची गाडी येऊन उभी राहिली होती.

"काकू, दोन कुकर लावू द्या! फक्त दोन!"

"अगं, गाडीवाला खोळंबलाय."

"खोळंबू दे की," बोधनकर आजोबा मध्ये पडले. "मी इतके दिवस दाणे चावत खोळंबलो, त्याला काय होतंय?"

पडवळकाकूंनी नाइलाजाने मान हलवली. बल्लवने दोन्ही कुकरांत डाळ मोजून तितकीच घातली, पाणी तितकंच ओतलं. एकात माठातलं, दुसऱ्यात आजच्या टाकीतलं. आच सारखी, शिट्ट्या सारख्या. बघता बघता सगळी वसाहत ओट्याभोवती गोळा झाली. ऋजुता कुकरांवरून नजर हलवेना. आपलं चुकलं असेल तर?

वाफ जिरली. झाकणं निघाली.

पडवळकाकूंनी टाकीच्या पाण्यातला दाणा बोटांत दाबला. तो टणकन उडून आजोबांच्या चष्म्यावर आदळला. मग त्यांनी माठाच्या पाण्यातली डाळ उचलायला बोटं घातली, तर उचलायला दाणाच उरला नव्हता. पिवळंधमक, मऊसूत वरण!

"शिजली!" कुणीतरी ओरडलं आणि एकच गलका झाला. मुलांनी ताटं वाजवायला सुरुवात केली.

"म्हणजे आपलं पाणी खराब आहे?" काकूंचा चेहरा उतरला. यंत्र बसवायचा आग्रह त्यांचाच होता.

"नाही, काकू," ऋजुता घाईने म्हणाली. "तुमच्या यंत्राने त्याचं काम चोख केलंय. बोअरचं पाणी शुद्धच आहे, फक्त दुष्फेन आहे. डाळीशी आणि साबणाशी त्याचं जमत नाही, इतकंच."

काकू पदर खोचून फाटकापाशी गेल्या.

"भाऊ, वरणभात खाऊन जा. न्यायचं मात्र काही नाही. आमचा बल्लव इथेच राहणार!"

ऋजुताने बल्लवच्या थंडगार हाताला मिठी मारली. त्याचा दिवा असा काही लुकलुकला, की दिवाळीतली माळच जणू.

त्या आठवड्यातच स्वयंपाकघराला पुन्हा दुसरा नळ आला. गच्चीवर पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधायचंही ठरलं. आकाशातून थेट पडलेल्या पाण्याला खडकांची गाठ पडलेली नसते, म्हणून त्यात क्षार जवळजवळ नसतात.

ही बातमी शेजारच्या वसाहतींत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओसरीवर मुलांची रांग लागली. कुणाच्या हातात विहिरीचं पाणी, कुणाच्या टँकरचं, कुणी थेट आजोळच्या नदीचं आणलेलं. प्रत्येक बाटलीत बल्लव साबणाचे सारखेच थेंब टाकून बूच लावत होता. ऋजुताने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि आरोळी ठोकली,

"हलवा!"